शिखर पूर्ण कोणी करायचे?



15 एप्रिल 2019च्या संध्याकाळी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलला आग लागली आणि छताखालचा ओक लाकडाचा मध्ययुगीन सांगाडा काही तासांत भस्मसात झाला. पुढच्या काही दिवसांत एक बातमी जगभर फिरली. 2014 साली आलेल्या 'असॅसिन्स क्रीड युनिटी' या व्हिडिओ गेममध्ये ही वास्तू इतकी बारकाईने उभी केलेली आहे, की पुनर्बांधणी करणाऱ्यांना तिचाच आधार घेता येईल, असे त्या बातमीत म्हटले होते. हा खेळ बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने पुनर्बांधणीत आपला सहभाग नसल्याचे सांगितले, तरी बातमी थांबली नाही, कारण लाखो लोकांनी त्या कॅथीड्रलच्या छतावर पडद्यातून पावले टाकली होती आणि डोळ्यांनी पाहिलेल्यावर विश्वास बसतोच. या खेळाची कथा फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात घडते. खेळातल्या नोत्र दामवर उंच टोकदार मनोरा आहे. प्रत्यक्षात मध्ययुगीन मनोरा अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवला गेला होता, आणि आपल्या ओळखीचा मनोरा व्हियोले-ल-द्युक या वास्तुकाराने 1859 साली उभारला. म्हणजे खेळाडू ज्या मनोऱ्यावर चढला तो त्या काळी तिथे नव्हताच. मनोऱ्यावाचून नोत्र दाम लोकांना ओळखू आले नसते, म्हणून तो ठेवला गेला. करमणुकीच्या खेळाने असे केले तर त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न वेगळा आहे. खेळाडूला हे कळायला त्या खेळात काही मार्ग होता का?

आज मला एकच गोष्ट मांडायची आहे. वारसा शिकवण्यासाठी रचलेल्या डिजिटल खेळाचे मोल त्यातला आकार किती हुबेहूब दिसतो यावरून ठरवू नये. त्या आकाराचा कोणता भाग पुराव्यावर उभा आहे आणि कोणता तर्कावर, हे शिकणाऱ्याला तपासता येते का, आणि त्या तर्कात त्याला स्वतःला हात घालता येतो का, यावरून ते ठरवावे. शिकवण्यासाठी रचलेल्या खेळांना संशोधनाच्या क्षेत्रात 'सिरियस गेम्स' म्हणतात. क्लार्क अॅप्ट यांचे त्याच नावाचे पुस्तक 1970 साली आले, तेव्हा त्यांच्यासमोर प्रामुख्याने पटावरचे आणि वर्गात खेळायचे खेळ होते. गेल्या पंचवीस वर्षांत या खेळांची गाठ त्रिमितीय आकार घडवणाऱ्या संगणकशास्त्राशी पडली. तेव्हापासून या क्षेत्रातला बहुतेक पैसा आणि कौतुक आकाराच्या वाट्याला गेले, आणि शिकणे कसे घडते हा प्रश्न मागे पडला.

नोत्र दामचे आणखी एक डिजिटल रूप आगीच्या आधीपासून अस्तित्वात होते. व्हासार कॉलेजमधले कलेतिहासकार अँड्र्यू टॅलन यांनी 2010 साली लेझर स्कॅनरने ही वास्तू मोजली. पन्नासहून अधिक ठिकाणी यंत्र लावून त्यांनी एक अब्जाहून अधिक बिंदू टिपले. असा बिंदूंचा साठा, ज्याला पॉइंट क्लाऊड म्हणतात, दिसायला देखणा नसतो. त्याला पृष्ठभाग नसतो, आणि जिथे लेझरचा किरण पोचला नाही तिथे नुसते काळे भोक दिसते. पण टॅलन यांना जे हवे होते ते याच ओबडधोबड नोंदीत सापडले. आतले खांब एका रेषेत नाहीत, पश्चिमेचा दर्शनी भाग ओळंब्यात नाही, आणि जागेवर आधीपासून असलेली बांधकामे न पाडता त्यांना सांभाळून कारागिरांनी काम पुढे नेले असावे, असे त्यातून दिसू लागले. चित्रकार किंवा खेळाचा रचनाकार ज्या वाकडेपणाला सहज सरळ करून टाकेल, तोच इथे इतिहासाचा पुरावा ठरला. तरीही लेझरलाही मर्यादा होती. तो पृष्ठभाग टिपतो, लाकडाच्या आतला सांधा टिपत नाही. छताच्या लाकडी सांगाड्याची मोजणी वास्तुकार रेमी फ्रोमाँ आणि त्यांच्या सहकाऱ्याने आगीच्या काही वर्षे आधी हाताने, तुळईन् तुळई पाहत केली होती. आगीनंतर सुतारांनी कुऱ्हाडीने ओक तासून तोच सांगाडा पुन्हा उभा केला, त्यात या रेखाटनांचा वाटा मोठा होता. डिसेंबर 2024मध्ये कॅथीड्रल पुन्हा खुले झाले. खेळासाठी घडवलेला आकार, लेझरने टिपलेला आकार आणि सांधा समजून घेऊन हाताने काढलेला आकार, अशी एकाच वास्तूची ही तीन रूपे होती. पडद्यावर त्यांतले सर्वांत खरे वाटणारे रूप पहिले होते, आणि पुराव्याच्या दृष्टीने तेच सर्वांत दुबळे होते.

हे का घडते, हे समजायला आकार कसा घडवला जातो ते थोडे पाहावे लागेल. स्कॅनरचे बिंदू जोडून लहान लहान त्रिकोणांची जाळी विणली जाते. संगणकाला प्रकाश, सावली, टक्कर यांचे गणित करता यावे म्हणून ही जाळी अखंड असावी लागते. खेळात तर भिंतीला भोक राहिले की खेळाडू त्यातून आरपार जातो. म्हणून भोके बुजवली जातात, आणि हे काम मुख्यतः संगणकाची रीतच करते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मार्क लेव्हॉय यांच्या गटाने 1999 साली फ्लॉरेन्समध्ये मायकेलअँजेलोच्या 'डेव्हिड'ची मोजणी केली, तेव्हा सुमारे दोन अब्ज त्रिकोणांचा साठा तयार झाला. तरीही केसांच्या बटांमागे, बोटांच्या फटींत जिथे किरण पोचलाच नाही तिथे भोके राहिली. ती बुजवण्यासाठी आजूबाजूचा पृष्ठभाग हळूहळू आत पसरवत नेणारी रीत त्याच गटाने 2002 साली प्रसिद्ध केली. संशोधकांनी हे लपवले नाही. त्यांचा शोधनिबंधच त्याबद्दल होता. पण एकदा जाळी गुळगुळीत झाली आणि तिच्यावर संगमरवराचा रंग चढला, की मोजलेला त्रिकोण कोणता आणि संगणकाने अंदाजाने घातलेला कोणता, हे डोळ्याला ओळखता येत नाही.

एका पुतळ्याच्या बाबतीत हा अंदाज बोटभर जागेचा असतो. शहराच्या बाबतीत तो गल्ल्याच्या गल्ल्या व्यापतो. बर्नार्ड फ्रिशर यांच्या पुढाकाराने 'रोम रीबॉर्न' हा प्रकल्प उभा राहिला आणि 2007 साली त्याची पहिली आवृत्ती लोकांसमोर आली. त्यात इसवी सन 320च्या रोममधल्या सुमारे 7,000 इमारती आहेत. कोलोसियमसारख्या काहीशे वास्तूंबद्दल पुरेशी माहिती उपलब्ध आहे. बाकीच्या हजारो घरांसाठी विसाव्या शतकात इतालो गिस्मोंदी यांनी घडवलेल्या रोमच्या प्लास्टर प्रतिकृतीचा आधार आणि शहराच्या वस्तीविषयीचे सामान्य आडाखे वापरले गेले. फ्रिशर यांच्या गटाने या दोन वर्गांची वेगवेगळी नावे ठेवली आणि भेद उघड केला, हा त्यांचा मोठेपणा. मात्र आकाशातून शहर पाहणाऱ्याला दोन्ही वर्ग सारख्याच उन्हात, सारख्याच सावलीत दिसतात. अशा अडचणींवर उतारा म्हणून 2006 साली लंडन चार्टर हा आचारसंहितेसारखा दस्तऐवज तयार झाला आणि 2009 साली त्याची सुधारित आवृत्ती आली. प्रतिकृती करताना कोणता निर्णय कशाच्या आधारे घेतला, कोणते पर्याय का नाकारले, याची नोंद प्रतिकृतीसोबतच ठेवावी, हे त्याचे सार. संशोधकांच्या जगात ही मागणी आता मान्य आहे. खेळांच्या जगात मात्र ही नोंद फार तर खेळ संपल्यावर सरकणाऱ्या नामावलीजवळ कुठेतरी असते, जिथे विद्यार्थी कधी पोचत नाही. मला वाटते, ही नोंद खेळाच्या पोटात आली पाहिजे, आणि तीच खेळ झाली पाहिजे.

शिकण्याविषयीचे संशोधन याच दिशेने बोट दाखवते. पीटर वाउटर्स आणि सहकाऱ्यांनी 2013 साली अनेक प्रयोगांची एकत्र छाननी केली. नेहमीच्या शिकवण्याच्या तुलनेत सिरियस गेम्समुळे शिकणे वाढते, आणि शिकलेले टिकतेही, असे त्यांना दिसले. वाढ मात्र मध्यमाहून कमी, प्रमाण विचलनाच्या अनुक्रमे 0.29 आणि 0.36 इतकी होती. खेळामुळे विद्यार्थ्यांची ओढ वाढते, हा जो सर्वांचा आवडता दावा, त्याला मात्र त्यांच्या आकडेवारीतून ठोस आधार मिळाला नाही. खेळाला इतर शिकवण्याची जोड दिली, तो एकदाच न खेळता अनेकदा खेळला आणि गटाने खेळला, तर फायदा जास्त, हा त्यांचा पुढचा निष्कर्ष. डग्लस क्लार्क आणि सहकाऱ्यांच्या 2016च्या छाननीत एकूण परिणाम साधारण तेवढाच, 0.33, निघाला. शिवाय हुबेहूब दृश्यांचे खेळ साध्या, आराखडेवजा दृश्यांच्या खेळांना मागे टाकताना दिसले नाहीत. कल उलट होता. या छाननी सर्व विषयांच्या मिळून आहेत, निव्वळ वारशाच्या नाहीत, हे लक्षात ठेवले पाहिजे. तरीही निदान एवढे म्हणता येते, की चित्र जितके खरे तितके शिकणे जास्त, या समजुतीला पुरावा नाही. माझ्या मते शिकणे वाढते ते नियमातून, पुनरावृत्तीतून आणि खेळानंतरच्या चर्चेतून. नियमाची ताकद आपल्याला नवी नाही. आपल्याकडच्या मोक्षपटात सद्गुणाची शिडी आणि दुर्गुणाचा साप हा सगळा उपदेश नियमात ओवलेला होता. तोच पट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये गेला, कालांतराने घरांवरची गुणदुर्गुणांची नावे गळाली, आणि सापशिडीचा निव्वळ आकार उरला. आकार सगळा शाबूत आणि शिकवण सगळी गायब, असा हा जिवंत दाखला आहे.

मग वास्तूच्या बाबतीत नियम कुठून आणायचे? सुदैवाने ते वास्तूतच असतात. 1971 साली जॉर्ज स्टायनी आणि जेम्स गिप्स यांनी 'शेप ग्रामर' ही कल्पना मांडली: आकार तयार स्वरूपात न साठवता, तो ज्या नियमांच्या मालिकेतून निपजतो ते नियमच लिहून ठेवायचे. 1978 साली स्टायनी आणि विल्यम मिचेल यांनी इटलीतला वास्तुकार पालाद्यो याच्या घरांचे आराखडे अशा नियमांतून काढून दाखवले. पुढे याच वाटेने पाँपेईसारखी शहरे संगणकावर निपजू लागली. नियमांतून वास्तू घडवण्याची ही रीत भारतीय मंदिरस्थापत्याला जितकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसरीकडे पडत असेल, कारण इथला सूत्रधार, म्हणजे मंदिराचा स्थपती, स्वतःच नियमांनी विचार करत होता. राजा भोजाच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात भूमिज या शैलीतल्या प्रासादांचे, म्हणजे मंदिरांचे, वेगळे प्रकरण आहे, आणि मध्य प्रदेशातल्या भोजपूरच्या अपूर्ण मंदिराजवळ खडकांवर कोरलेली आराखड्यांची रेखाटने आजही पाहता येतात. अॅडम हार्डी यांनी ग्रंथ आणि रेखाटने शेजारी ठेवून 2015 साली त्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला.

आता अंबरनाथचे शिवमंदिर घेऊ. शके 982 म्हणजे इसवी सन 1060चा शिलालेख असलेले, शिलाहारांच्या काळातले हे काळ्या पाषाणातले मंदिर भूमिज शैलीचे आहे. भूमिज शिखराच्या चार बाजूंना मधोमध वर जाणारी लता असते. दोन लतांच्या मधल्या भागात छोट्या शिखरांसारखी कूटे आडव्या आणि उभ्या ओळींत रचलेली असतात, आणि वर जाताना ती ठरावीक प्रमाणात लहान होत जातात. आडव्या ओळीला भूमी म्हणतात. किती भूमी आणि एका ओळीत किती कूटे, यावर प्रकार ठरतो. तलविन्यास, म्हणजे जमिनीवरचा आराखडा, कधी सरळ कोनांचा राहतो, कधी वर्तुळात चौकोन फिरवून तो तारकाकृती केला जातो. अंबरनाथला हे शिखर मंडपापेक्षा थोडेसे वर जाऊन थांबते. गर्भगृहावर आकाश उघडे आहे. वरचा भाग कधी पूर्णच झाला नसावा, असे मानले जाते. त्याच शैलीतली पूर्ण शिखरे मात्र आपल्याकडे आहेत: सिन्नरचे गोंदेश्वर, आणि 1059 साली सुरू झालेले मध्य प्रदेशातल्या उदयपूरचे उदयेश्वर.

या मंदिराचा डिजिटल खेळ करायचा झाला तर सोपा रस्ता उघड आहे. उदयेश्वराचे शिखर मोजायचे, अंबरनाथवर बसवायचे, वर आमलकाची वाटोळी शिळा आणि कलश ठेवायचे, सोनेरी ऊन सोडायचे आणि विद्यार्थ्याला हातात दिवा देऊन आत फिरवायचे. या रस्त्याने गेल्यास त्या मंदिराचा सर्वांत रंजक प्रश्न, म्हणजे शिखर का थांबले, पहिल्याच क्षणी पुसला जातो. दुसरा रस्ता असा: विद्यार्थ्याला मोजलेले मंदिर जसे आहे तसे, उघड्या आकाशासह द्यायचे. सोबत भूमिज शैलीचे नियम द्यायचे, सिन्नर आणि उदयपूरची मापे द्यायची, आणि शिखर पूर्ण करायला सांगायचे. त्याने पाच भूमी निवडल्या तर उंची किती होते, सात निवडल्या तर किती, अस्तित्वात असलेल्या खालच्या ओळींच्या मापांशी कोणता पर्याय जुळतो आणि कोणता जुळत नाही, हे संगणक लगेच दाखवील. खालच्या कूटांची रुंदी एकदा मोजली, की वरच्या पुष्कळ कल्पना तिथेच बाद होतात. विद्यार्थ्याने घातलेला प्रत्येक भाग वेगळ्या रंगात राहील आणि त्याला आधार लिहावा लागेल: मोजमाप, साम्य, ग्रंथ की निव्वळ अंदाज. शेवटी वर्गातली चार-पाच शिखरे शेजारी ठेवून चर्चा व्हावी. त्यात एखादा गट म्हणेल, की शिखर पूर्ण करूच नये; त्यालाही आधार मागावा. या खेळात जिंकणे म्हणजे सर्वांत देखणे शिखर उभारणे असणार नाही. प्रतिपक्षाच्या प्रश्नांना उत्तर देऊ शकेल असे शिखर उभारणे असेल.

या मांडणीवर काही आक्षेप येतील आणि ते दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा, की वारशाशी नाते आधी भारावून जाण्यातून जडते, चिकित्सेतून नव्हे. दहा-बारा वर्षांच्या मुलाला रंगवलेली अनिश्चितता दाखवली तर ते कंटाळून उठेल. यात तथ्य आहे. भव्यतेचा अनुभव ही शिकण्याची सुरुवात असू शकते. पण भव्यता आणि प्रामाणिकपणा यांच्यात वैर नाही, हे खेळांच्या व्यवसायानेच दाखवले आहे. 2018 साली युबिसॉफ्टने प्राचीन इजिप्तवरच्या आपल्या खेळातून लढाई काढून टाकली आणि 'डिस्कव्हरी टूर' ही फिरण्याची, माहिती घेण्याची आवृत्ती काढली. तीत काही ठिकाणी रचनाकारांनी इतिहासापासून कुठे आणि का फारकत घेतली, तेही सांगितले आहे. मुलामुलींना एकत्र शिकताना दाखवण्याचा निर्णय हे त्याचे एक उदाहरण. या कबुलीने खेळाची मोहिनी कमी झाली नाही. माझी मागणी त्याच्या एक पाऊल पुढची आहे: फारकत सांगून थांबू नये, ती खेळाडूला करून पाहू द्यावी.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. आजच्या काळात इतिहासाची मोडतोड करणारे कमी नाहीत. सगळाच आकार अंदाज आहे असे मुलांना शिकवले, तर उद्या कोणीही काहीही दावा करील आणि त्यालाही तेवढेच वजन मिळेल. मला वाटते, धोका उलट बाजूने जास्त आहे. रायगडाचे उदाहरण पाहा. 1818 साली इंग्रजांच्या तोफमाऱ्यात गडावरचा राजवाडा जळाला. आज दिसतात ते मुख्यतः चौथरे आणि दगडी अवशेष. वरच्या लाकडी बांधकामाचे रूप चित्रांत, चित्रपटांत आणि पडद्यावर प्रत्येकाने आपल्या परीने रंगवले आहे, आणि जो आकार जास्त वेळा दिसतो तो लोकांच्या मनात पुरावा होऊन बसतो. अशा वेळी मुलांना दोनच गोष्टी दिल्या, एक निश्चित चित्र आणि दुसरे निश्चित चित्र, तर ती ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने जातील. चौथऱ्याच्या मापावर कोणते छप्पर बसते आणि कोणते बसत नाही, हे स्वतः करून पाहिलेल्या मुलाला अंदाज आणि थाप यांतला फरक कळतो. नियम जितके नेमके, तितके बाद होणारे पर्याय जास्त. जुलै 2025मध्ये मराठा लष्करी भूदृश्य म्हणून रायगडासह बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. त्यांच्यावर डिजिटल खेळ आणि प्रतिकृती यापुढे वाढत जातील. म्हणून हा प्रश्न आजच हाती घेतला पाहिजे.

तिसरा आक्षेप श्रद्धेचा आणि हक्काचा आहे. अंबरनाथ ही निव्वळ पुरातत्त्वाची वस्तू नाही. तिथे पूजा होते, महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. ज्यांचे ते मंदिर आहे, त्यांच्या देवळाचे शिखर शाळकरी मुलांनी खेळात उभारायचे आणि पाडायचे, याला त्यांची संमती कोणी विचारली? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. 2014 साली अलास्कातल्या इन्युपियात समाजाची कथा सांगणारा 'नेव्हर अलोन' हा खेळ आला. तिथल्या कुक इनलेट ट्रायबल कौन्सिलच्या पुढाकाराने तो तयार झाला, समाजातल्या वडीलधाऱ्यांशी बोलून कथा ठरली, आणि त्यांच्या मुलाखती खेळातच ठेवल्या गेल्या. वारसा ज्यांच्या अंगणात आहे त्यांना पुराव्याचा एक स्रोत म्हणून आणि निर्णयाचा एक भागीदार म्हणून आत घ्यावे, असा धडा त्यातून मिळतो. मंदिराचे गुरव, पाथरवट, स्थानिक अभ्यासक यांच्याकडे अशी माहिती असते जी कोणत्याही लेझरला टिपता येत नाही.

शेवटचा आक्षेप पैशाचा. ज्या शाळेत एक संगणक आणि तोही कधीतरी चालू, तिथे हे सगळे कशाला? याला उत्तर महाराष्ट्राच्या अंगणात आहे. दिवाळीत मुले माती, दगड, पोत्याची तरटे घेऊन किल्ला बांधतात. दरवाजा कुठे, पाण्याचे टाके कुठे, वाट कुठून, हे ती आपापसांत भांडून ठरवतात. आकार घडवणे, नियम पाळणे आणि निर्णय घेणे या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र येतात. एवढीच भर घालायची, की किल्ला झाल्यावर शिक्षकाने त्यांना नकाशासमोर बसवावे आणि प्रत्येक बुरुजाचा आधार विचारावा. संगणक असेल तर मापे पटकन पडताळता येतात, पर्याय चटकन बदलता येतात. तो नसेल तरी पद्धत तीच राहते.

यातून संस्थांसाठी तीन मागण्या निघतात. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या वारशाच्या प्रत्येक त्रिमितीय प्रतिकृतीसोबत मोजलेला, जुळवलेला आणि कल्पिलेला भाग वेगळा दाखवणारी नोंद खुली असावी. शाळांसाठी खेळ घेताना दृश्यांच्या झगमगाटापेक्षा खेळानंतरच्या चर्चेला किती वेळ आणि किती साहित्य आहे ते पाहावे, कारण खेळाला इतर शिकवण्याची जोड दिली की फायदा वाढतो, असे संशोधनात दिसते. आणि अशा खेळाची परीक्षा घेताना विद्यार्थ्याला किती तारखा पाठ झाल्या हे न विचारता, त्याने कोणता पर्याय नाकारला आणि का, हे विचारावे. ज्याला हे सांगता येते, त्याने अंबरनाथचे शिखर अर्धवटच ठेवले असले तरी वारशाचे शिक्षण त्याच्यापर्यंत पोचले आहे.